टॉनिक मठाचे, कलंक वस्तीचा

दारूची अब्रू पिणाऱ्याच्या पायरीवर ठरते. हे विधान आम्ही हवेत करत नाही. त्याला साक्ष आहे ती इंग्लंडमध्ये बनणाऱ्या आणि स्कॉटलंडमध्ये बदनाम झालेल्या एका बाटलीच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाची. बाटलीचे नाव बकफास्ट टॉनिक वाईन. ती इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यातल्या ख्रिस्ती साधूंच्या मठात जन्मली आणि आजही त्याच मठाच्या नावाने विकली जाते. तिच्यामुळे गुंड ठरतात ती मात्र शेकडो मैल दूर, स्कॉटलंडमधल्या खाणी आणि पोलाद कारखाने बंद पडलेल्या गावांतली कामगारांची पोरे.

आंबेडकरी वाचकाने ही परदेशी गोष्ट का वाचावी? कारण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून एक वाक्य ऐकले आहे: "त्या वस्तीतले ना? पीत असतील." बोलणाऱ्याच्या घरातल्या कपाटात काय ठेवले आहे, हे त्याला कोणी विचारत नाही.

मठापासून सुरुवात करू. बकफास्टचा मूळ मठ १०१८ सालचा. आठव्या हेन्री राजाने इंग्लंडमधले मठ मोडीत काढले, त्यात १५३९ मध्ये हाही गेला. पुढे साडेतीनशे वर्षे तिथे मठ नव्हता. १८८२ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेले बेनेडिक्टाइन पंथाचे साधू तिथे आले आणि जुन्या पायावर त्यांनी मठ पुन्हा उभा करायला घेतला. १९०७ ते १९३८ या काळात तिथले मोठे चर्च साधूंनी स्वतःच्या हातांनी बांधले. एका वेळी कामावर बहुतेकदा चार साधू असत, सहाहून अधिक कधीच नाहीत. श्रमाला कमी न लेखणाऱ्या या परंपरेबद्दल आम्हाला आदर आहे. आपल्याकडच्या मठाधिपतींनी शेवटची वीट कधी उचलली होती, हा प्रश्न इथे सहज मनात येतो, तो तूर्त बाजूला ठेवू.

या पंथात वाईन निषिद्ध नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत साधूंना रोज ठरावीक माप वाईन घ्यायची मुभा आहे, फक्त चढेपर्यंत पिऊ नये असे बजावले आहे. आपल्या भिक्खू संघाच्या विनयात मद्य पूर्ण वर्ज्य. धर्म वेगळा, नियम वेगळा. त्यावरून कोणाला खाली-वर ठरवण्याचे आम्हाला कारण नाही.

१८९० च्या दशकात या साधूंनी एक टॉनिक वाईन बनवायला सुरुवात केली. मूळ वाईन स्पेनमधून आणायची, तिच्यात काही क्षार आणि इतर घटक मिसळायचे आणि औषध म्हणून विकायची. दिवसाला तीन छोटे पेले घेतले की प्रकृती सुधारते, रक्त ताजेतवाने होते, असा तिचा प्रचार होता. त्या काळात हे अजिबात वावगे मानले जात नव्हते. युरोपभर 'टॉनिक वाईन'ची चलती होती. फ्रान्समधल्या अँजेलो मारियानी याने १८६३ पासून कोकाच्या पानांची वाईन विकली. म्हणजे तिच्यात कोकेन होते. तिला कोणी गुन्ह्याची जननी म्हटले नाही. उलट पोप तेरावे लिओ यांनी मारियानीला सुवर्णपदक दिले आणि मारियानीने जाहिरातीत पोपचे चित्र छापले. अमेरिकेत अटलांटाच्या जॉन पेंबर्टन यांनी त्याच धर्तीवर १८८५ मध्ये कोकाची वाईन काढली. शहरात दारूबंदीचे वारे वाहू लागताच त्यांनी वाईन वगळली आणि १८८६ मध्ये जे उरले त्याला कोका-कोला हे नाव मिळाले. म्हणजे आज आपल्या लग्नाच्या पंगतीत पोरांच्या हातात असते ती काळी बाटली आणि स्कॉटलंडमधली ती बदनाम बाटली एकाच घराण्यातल्या, चुलत बहिणी म्हणा.

सांगायचा मुद्दा हा की जोवर ही पेये पांढरपेशांच्या दिवाणखान्यात होती, तोवर ती औषध होती.

१९२७ मध्ये मठाचा वाईन विकण्याचा परवाना गेला. तेव्हाचे मठाधिपती आन्स्कार व्होनियर यांनी एका वाईन व्यापाऱ्याशी करार केला. बनवायचे मठाने, विकायचे व्यापाऱ्याने. त्या वेळी कृतीही बदलली. औषधी चव कमी झाली, पेय अधिक गोड आणि प्यायला सोपे झाले. वितरणाचे काम पुढे जे. चँडलर अँड कंपनीकडे राहिले. आज ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या हिरव्या बाटलीत १५ टक्के मद्यार्क असतो. साध्या वाईनमध्ये तो साधारण १२-१३ टक्के असतो. वरून मद्यार्क मिसळून वाईन कडक करतात, त्या प्रकारातले हे पेय. शिवाय दर १०० मिलीलिटरमागे ३७.५ मिलिग्रॅम कॅफिन. पाऊण लिटरच्या बाटलीचा हिशोब केला तर सुमारे २८१ मिलिग्रॅम, म्हणजे कडक कॉफीचे तीनेक कप.

आता उत्तरेकडे जाऊ. ग्लासगोच्या पूर्वेला लॅनार्कशायर हा एकेकाळी कोळसा आणि लोखंडाचा मुलूख. कोटब्रिज, एअरड्री, मदरवेल ही गावे भट्ट्यांच्या धुरात वाढली. आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर पोट भरायला आलेले कॅथलिक मजूर कोटब्रिजमध्ये मोठ्या संख्येने वसले आणि स्थानिक प्रोटेस्टंट समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणी बंद झाल्या. १९९२ मध्ये मदरवेलचा रेव्हन्सक्रेग हा अवाढव्य पोलाद कारखाना बंद पडला. बापाच्या हाताला काम नाही आणि पोराला कामाची आशा नाही, अशी स्थिती झाली. गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना यापुढचे सांगायची गरज नाही.

या गावांत बकफास्ट लोकप्रिय झाली. पोरे तिला लाडाने 'बकी' म्हणू लागली. वर्तमानपत्रांनी या भागाला 'बकफास्ट त्रिकोण' असे नाव दिले. त्रिकोण शब्द पाहा. बर्म्युडा त्रिकोणात जहाजे गडप होतात, इथे माणसे गडप झाली आणि बाटली तेवढी दिसत राहिली. पिणाऱ्या पोरांसाठी 'नेड' हा शब्द होताच. नेड म्हणजे उनाड, बेकार, टोळक्याने फिरणारा, गरीब घरचा पोरगा. आपल्याकडच्या 'झोपडपट्टीछाप' या शिवीचा तो सख्खा भाऊ.

मग राजकारणी सरसावले. २००५ मध्ये स्कॉटलंडच्या न्यायमंत्री कॅथी जेमिसन यांनी दुकानदारांनी ही वाईन विकणे थांबवावे असे सुचवले. त्यानंतर त्या आपल्याच मतदारसंघातल्या ऑखिनलेक या खाणकामगारांच्या गावी गेल्या, तेव्हा तिथल्या पोरांनी त्यांच्यासमोर बकी बंद करू नका अशा घोषणा दिल्या. वर्तमानपत्रांना हसायला विषय मिळाला. आम्हाला त्यात हसण्यासारखे दिसत नाही. मंत्री गावात येते ती आपल्या बाटलीबद्दल बोलायला, हे त्या पोरांना कळले होते. कामाबद्दल बोलायला आली असती तर घोषणा वेगळ्या झाल्या असत्या. पुढच्या वर्षी आरोग्यमंत्री अँडी केर यांनीही या पेयावर तोफ डागली.

जानेवारी २०१० मध्ये बीबीसीने माहिती अधिकारातून आकडे मिळवले. स्ट्रॅथक्लाइड पोलिसांच्या २००६ ते २००९ या तीन वर्षांतल्या ५,६३८ गुन्हे अहवालांत बकफास्टचा उल्लेख होता. त्यातले सुमारे दहात एक गुन्हे हिंसक होते. ११४ वेळा बाटलीच हत्यार म्हणून वापरली गेली होती. आणखी एक आकडा असा की पोलमाँट येथील तरुण कैद्यांच्या पाहणीत, गुन्ह्यापूर्वी दारू प्यायलेल्या ११७ जणांपैकी ४३ टक्क्यांनी बकफास्ट प्यायल्याचे सांगितले. स्कॉटलंडच्या एकूण दारूविक्रीत या पेयाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असताना हे आकडे यावेत, ही गोष्ट गंभीर आहे. ज्या बाईच्या नवऱ्याने किंवा पोराने ती बाटली फोडून भांडण केले, तिच्यासाठी हा वर्गीय पूर्वग्रहाचा सिद्धांत नाही, तिच्या दारातली काच आहे. हे आम्ही आधी मान्य करतो, कारण व्यसनाने मोडलेली घरे आम्ही आमच्या कामात आठवड्यातून दोन-तीनदा तरी पाहतो.

तरीही समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आकड्यांना एक प्रश्न विचारायचा असतो: शोध कशाचा घेतला? अहवालांत शोधला तो 'बकफास्ट' हा शब्द. जे नाव शोधाल ते सापडणारच. पोलीस आरोपीच्या कागदात 'दारू प्यायलेला' एवढे लिहून थांबतो. व्होडका कोणत्या कंपनीची, बिअर कोणती, हे सहसा कोण लिहितो? पण हिरवी बाटली आधीच कुप्रसिद्ध असेल तर तिचे नाव कागदावर येते, कागदावरून बातमीत येते, आणि पुढचा पोलीस ती बातमी वाचून आणखी डोळे उघडे ठेवून फिरतो. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना गुन्हेगार ठरवले, त्यानंतर त्या जमातींच्या नावावरचे गुन्हे वाढले यात नवल ते काय! ज्याच्यावर पहारा, त्याच्याच नावाची नोंद. शिवाय तरुण कैदी येतात कोणत्या गावांतून, हे पाहिल्याशिवाय ४३ टक्क्यांचा अर्थ लागत नाही. ज्या गावांत हे पेय सर्वाधिक खपते त्याच गावांतून तुरुंगही भरत असेल, तर आकडा बाटलीबद्दल जितके बोलतो तितकेच गावाबद्दल बोलतो.

आता कॅफिनचे पाहू, कारण सगळा आक्षेप तिथे येऊन थांबतो. दारू मेंदूला सुस्त करते, कॅफिन झोप उडवते. दोन्ही एकत्र घेतले की माणसाला आपण किती चढवली आहे याचा अंदाज येत नाही. हातपाय आणि विवेक मात्र तितकेच ढिले पडलेले असतात. तो आणखी पितो, आणखी वेळ जागा राहतो. ही काळजी खरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफिनयुक्त दारू बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला आणि ती पेये बाजारातून गेली.

पण मग आयरिश कॉफीचे काय? गरम कॉफी, व्हिस्की, वर साय. पंचतारांकित हॉटेलात जेवणानंतर काचेच्या पेल्यात येते. तिच्यातही दारू आणि कॅफिनच आहे. क्लबमध्ये व्होडकात एनर्जी ड्रिंक ओतून पिणारी श्रीमंतांची मुलेही तेच मिश्रण पितात. त्यांच्या नावाने कोणता त्रिकोण नकाशावर काढला गेला? हाच गुणधर्म वरच्या मजल्यावर 'मूड' ठरतो आणि रस्त्यावर 'उपद्रव'. आपल्या समाजाला ही रीत नवी नाही. स्पर्श तोच, पाणी तेच. ओंजळ कोणाची यावर ते बाटते की पवित्र राहते हे ठरते.

या सगळ्यात मठ कुठे आहे? मठ तिथेच आहे, फुललेल्या बागांमध्ये. मठाचा कारभार धर्मादाय विश्वस्त संस्थेमार्फत चालतो आणि वाईनच्या विक्रीतून तिला भरघोस उत्पन्न मिळते. मठाची आणि कंपनीची भूमिका वर्षानुवर्षे एकच आहे: दोष पेयाचा नाही, गैरवापर करणाऱ्याचा आहे. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. पण नफ्याचा विचार येतो तेव्हा पिणारा 'ग्राहक' असतो आणि जबाबदारीचा विषय निघाला की तोच 'गैरवापर करणारा' होतो, ही सोय लक्षात घ्या. बाटल्यांवर पोलिसांनी दुकानाची ओळख पटवणारी लेबले लावायला सुरुवात केली, तेव्हा कंपनी न्यायालयात गेली आणि २०१४ मध्ये पोलिसांना तडजोड करावी लागली. कोटब्रिजच्या पोराला मात्र आपल्यावरच्या लेबलाविरुद्ध कुठल्या न्यायालयात जाता येते?

बदनामी एका बाटलीची चालू असताना खरी लढाई दुसरीकडे झाली. स्कॉटलंडच्या संसदेने २०१२ मध्ये दारूची किमान किंमत ठरवणारा कायदा केला. तत्त्व साधे होते. बाटलीत शुद्ध मद्यार्क जितका, तितकी तिची किमान किंमत. ब्रँड कोणताही असो. या कायद्याला न्यायालयात कोणी अडवले? स्कॉच व्हिस्की असोसिएशनने. ज्या व्हिस्कीच्या नावाने स्कॉटलंड जगभर मिरवते, तिच्या उत्पादकांच्या संघटनेने. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कायदा उचलून धरला आणि १ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्या वेळी एका एककाला, म्हणजे १० मिलीलिटर शुद्ध मद्यार्काला, किमान ५० पेन्स असा दर होता. बकफास्टच्या बाटलीत ११.२५ एकके, म्हणून तिची किमान किंमत तेव्हा ५ पौंड ६३ पेन्सच्या आसपास ठरली. ती आधीपासूनच त्याहून महाग विकली जात होती! म्हणजे ज्या बाटलीवर मंत्र्यांनी वर्षे घालवली, तिला हा कायदा शिवलासुद्धा नाही. फटका बसला तो तीन लिटरच्या प्लास्टिक बाटलीत मिळणाऱ्या स्वस्त, कडक सायडरला. साडेसात टक्क्यांच्या अशा बाटलीत २२.५ एकके, चारेक पौंडांना मिळणारी ती सव्वाअकरा पौंडांची झाली. तिच्या नावाने कोणी त्रिकोण काढला नव्हता, कारण ती पिणारे घराच्या आत गुपचूप मरत होते, रस्त्यावर दिसत नव्हते. 'लान्सेट'मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या कायद्यानंतर थेट दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर झाले असते त्यापेक्षा, १३.४ टक्क्यांनी कमी झाले. तरीही २०२३ या एका वर्षात स्कॉटलंडमध्ये दारूने १,२७७ बळी घेतले. सर्वांत गरीब भागांतले प्रमाण सर्वांत सुस्थित भागांच्या चारपटीहून अधिक आहे.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही पिणाऱ्यांची वकिली करता. तसे नाही, आणि त्यासाठीही पुन्हा लॅनार्कशायरलाच जावे लागते. ब्रिटिश मजूर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेले कीर हार्डी याच परगण्यातले. १८५६ चा जन्म, लहानपणीच खाणीत मजुरी. तरुणपणी ते दारूमुक्तीच्या चळवळीत आले आणि आयुष्यभर दारूपासून दूर राहिले. १९१३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या गावांना आपल्या हद्दीतले गुत्ते मतदानाने बंद करण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या जोरावर कोटब्रिजपासून फार दूर नसलेल्या कर्किंटिलॉकने १९२० च्या दशकात गुत्ते बंद केले, ते चार दशकांहून अधिक काळ बंद राहिले. १९२२ मध्ये डंडी या ज्यूट कामगारांच्या शहराने एडविन स्क्रिमजर या दारूबंदीवाद्याला निवडून दिले आणि पाडले कोणाला, तर विन्स्टन चर्चिलला. कामगार दारूविरुद्ध उभा राहतो तेव्हा तो स्वतःच्या सन्मानासाठी उभा राहतो आणि सोबत मतही मागतो, सत्ताही मागतो. मंत्र्याने बाटलीकडे दाखवलेल्या बोटात यातले काहीच नव्हते.

बाबासाहेबांची भूमिका या प्रकाशात वाचली पाहिजे. ती अनेकांना परस्परविरोधी वाटते. १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने दारूबंदी उठवण्याची मागणी केली. बंदीमुळे सरकारी तिजोरीत भर घालणारे उत्पन्न बुडते, अंमलबजावणीवर खर्च होतो आणि चोरटी दारू घराघरात शिरते, हा त्यामागचा विचार होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा देताना त्यांनी लाखो लोकांकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली. विरोध कुठे आहे? एका ठिकाणी सरकारच्या दंडुक्याला नकार आहे, दुसऱ्या ठिकाणी माणसाने स्वतःला दिलेला शब्द आहे. पोलिसाच्या हातात दारूबंदी दिली की ती पहिल्यांदा वस्तीत येते, हे त्यांना पुरते माहीत होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात प्रकृतीच्या कारणावरून दारूचा परवाना मिळण्याची सोय होतीच, आणि १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांवरची बंदी रद्द केली. त्या निकालाला घटनात्मक आधार होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण डॉक्टरची चिठ्ठी मिळवून 'औषध' म्हणून पिणारा कोण आणि हातभट्टीवर धाडीत सापडणारा कोण, हे मुंबईत त्या वेळी कोणालाही सांगता आले असते. डेव्हनच्या साधूंचे तीन छोटे पेले इथेही होते.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी सत्ताधारी बाजूने सांगितले गेले की वाईन म्हणजे दारू नव्हे, त्यात शेतकऱ्याचे हित आहे. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. पण ते वाक्य आम्ही जपून ठेवले आहे. द्राक्षाची, नाशिकची, लांब दांड्याच्या पेल्यातली असली की ती दारू नव्हे. मोहाची असली की गुन्हा. १८९२ मध्ये इंग्रज सरकारने ठाणे-कुलाब्याकडे मोहफुले गोळा करण्यावरसुद्धा कायद्याने बंधने घातली होती.

आमच्या कामाच्या भागात देशी दारूचे दुकान हटवण्यासाठी बायका सह्या गोळा करत आहेत. राज्याच्या नियमात त्यासाठी मतदानाची तरतूद आहे: मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी बाटली. आडव्या बाटलीला प्रभागातल्या निम्म्याहून अधिक मतदारांचा कौल मिळाला तर दुकान बंद होते. प्रत्यक्ष मतदान केलेल्यांच्या निम्मे नव्हेत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक. त्यामुळे मतदानाच्या दिवशी कामावर गेलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. म्हणून सह्यांबरोबरच आणखी एक मागणी लावली आहे, ती म्हणजे मतदान रविवारी घ्या.